होसूर रस्त्यावरून बोरगावास

दिवाळीस बोरगावास जाण्याचा आमचा परिपाठ गेल्या चाळीस वर्षांत क्वचितच मोडला असेल. बंगळूरात आमचे बिऱ्हाड स्थिरावले, मुले तिथेच शिकून कामाला लागली, नातवंडे तर कन्नड आणि इंग्रजीच्या मधे जी जागा उरेल तेवढ्यात मराठी बोलतात. तरीही महावीर निर्वाणाची पहाट बोरगावच्या जिनमंदिरात आणि फराळाचे पहिले ताट आईच्या हातचे, हा नेम आम्ही सांभाळला आहे. गेल्या दिवाळीत मात्र या नेहमीच्या प्रवासाला निराळे वळण लागले. गाडीत आमच्याबरोबर धाकट्या बंधूंची कन्या होती आणि तिच्या मांडीवर लांबट आकाराची एक वही होती.

ज्या वाचकांना बोरगाव ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. बेळगाव जिल्ह्यातील हे गाव पूर्वी चिकोडी तालुक्यात होते, आता निपाणी तालुक्यात आहे. दूधगंगेचे खोरे, काळीभोर जमीन, ऊस आणि तंबाखू. इचलकरंजी जवळ असल्यामुळे यंत्रमागांचा खडखडाट. कारदगा, भोज, सदलगा, बेडकिहाळ ही सारी शेजारची गावे. कारदग्यात मराठी साहित्य संमेलन भरते आणि भोज हे आचार्य शांतिसागर महाराजांचे (१८७२-१९५५) गाव, एवढे सांगितले म्हणजे परिसराची ओळख पटावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतरचा इतिहास आपल्या मासिकाच्या वाचकांना आम्ही सांगावा असे नाही. गावाने मात्र आपला व्यवहार दोन्ही भाषांत चालू ठेवला. बाजारात कन्नड, माजघरात मराठी, आणि भांडण अंगाशी आले म्हणजे दोन्ही.

अशा गावातल्या मराठी शाळेत शिकलेली ही मुलगी बेळगावात पदवी घेऊन गेल्या वर्षी बंगळूरास आली आणि होसूर रस्त्यावरील क्राइस्ट विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.एस्सी.ला दाखल झाली. बातमी बोरगावात पोचली तेव्हा पहिला प्रश्न आईने फोनवरून आम्हालाच केला. 'अरे, ते ख्रिस्ती लोकांचं हाय म्हणं. पोरीला बाटवणार तर न्हाईत?' दुसरा प्रश्न चुलतबहिणीचा. 'खुळ्यांची डाक्तरीण हुनार व्हय ती?' तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही, पण सर्वांच्या मनात होता: हे शिकून पोटापाण्याचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही स्वतःच तिच्याबरोबर एक दिवस त्या आवारात जाऊन आलो. केरळात १८३१ साली कुरियाकोस एलियास चावरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापिलेल्या कार्मेलाइट संघाने १९६९ साली येथे क्राइस्ट कॉलेज काढले. २००८ साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. संघाचा धर्माराम हा धर्मशिक्षणाचा आश्रम लागूनच आहे. आवार स्वच्छ, झाडी राखलेली, आणि हजेरीच्या बाबतीत कडक शिस्त. इतकी की आमच्या काळच्या महाविद्यालयांतील मोकाट दिवस आठवून आम्ही मनात थोडे ओशाळलो. वर्गात हिंदू, जैन, मुसलमान, ख्रिस्ती, सर्व तऱ्हेची मुले. पुतणीस विचारले तर ती हसून म्हणाली, 'मोठे अण्णा, इथं धर्मापेक्षा संख्याशास्त्राची भीती जास्त आहे.' मानसशास्त्र म्हणजे माणसांशी गोड बोलणे, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात प्रयोग, आकडेमोड, मेंदूची रचना आणि चाचण्यांचे मोजमाप यांखाली ती मुलगी पहिले सहा महिने वाकून गेली होती.

आईची भीती अगदीच निराधार होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मिशनरी या देशात आले ते धर्मप्रसारासाठीच, हे त्यांनीही कधी लपविले नाही. परंतु आल्याबरोबर त्यांना एक गोष्ट करावी लागली: लोकांची भाषा शिकणे. बंगालमधील श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी लिपीत मराठी कोश. ज्या श्रीरामपूर कॉलेजचे ते एक संस्थापक, त्यास डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली पदव्या देण्याचा अधिकार दिला; म्हणजे ख्रिस्ती विद्यापीठ ही काही आजची कल्पना नव्हे. कन्नडचा थोर कोश करणारे फर्डिनांड किटेल हे बासेल मिशनचे. त्यांचा कोश १८९४ साली बाहेर पडला. आणि त्याच १८९४ साली आमच्या बोरगावकरांना अधिक जवळची अशी एक गोष्ट घडली. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रुग्णालय उघडले. आमच्या लहानपणी गावात कोणाचे पोट फाडायचे झाले, की बैलगाडी किंवा एस.टी. निघे ती 'मिरजेच्या मिशनात'. आमचे वडीलही तिथूनच बरे होऊन आले होते आणि त्यांचे जैनत्व तसूभरही कमी झाले नव्हते. ही आठवण करून दिल्यावर आईचा पहिला प्रश्न मिटला. तिची खरी काळजी पुढेच होती: पोरीला सूर्यास्ताच्या आत जेवण मिळते का? ते मात्र मिळत नव्हते. मुलगी राहते त्या खाजगी वसतिगृहात रात्रीचे जेवण साडेआठला, आणि त्यात कांदा-बटाटा हमखास. चतुर्दशीला ती आमच्या घरी येते, इतर दिवशी संध्याकाळी पाचला डबा उघडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबचे आहे, आणि ते आमच्याच घरातले आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा आणि वेदगंगा पात्र सोडून शिवारात शिरल्या, हे वाचकांनी तेव्हा वृत्तपत्रांत वाचले असेल. आमच्या बंधूंचा ऊस कित्येक दिवस पाण्यात उभा राहून कुजला. मागाच्या शेडमध्ये पाणी शिरले. पूर ओसरला, सरकारी पंचनामे झाले, नातेवाइकांनी हात दिला. परंतु बंधू मात्र परतले नाहीत, असेच म्हणावे लागेल. ओट्यावर बसत, नदीच्या दिशेने पाहत आणि बोलत नसत. छातीत भरून आल्यासारखे होते म्हणून तीन ठिकाणी हृदयाचा आलेख काढला. तिन्ही ठिकाणी तो निर्दोष निघाला. मग कोणी म्हणाले बाहेरचे आहे. एका देवऋषाने लिंबू-नारळ केले. कोणी म्हणाले रिकाम्या डोक्याचे खेळ आहेत, कामाला लावा. आणि आम्ही? आम्ही बंगळूरातून दर रविवारी फोन करून सांगत होतो, 'अरे, मन घट्ट कर.' निम्हान्स ही देशातील मानसिक आरोग्याची अग्रगण्य संस्था आमच्या घरापासून चार-पाच किलोमीटरवर. तिच्या फाटकासमोरून आम्ही चाळीस वर्षे ये-जा केली. पण सख्ख्या भावाच्या छातीतल्या त्या भरून येण्याचा त्या फाटकाशी काही संबंध असू शकेल, हे आमच्या ध्यानात आले नाही. ही कबुली लिहिताना आम्हांस आजही बरे वाटत नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एका परिचिताच्या सांगण्यावरून बंधूंना कोल्हापुरातील एका मनोविकारतज्ज्ञाकडे नेले. बरोबर वहिनी आणि तेव्हा अकरावीत असलेली ही मुलगी. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी शांतपणे विचारले, 'तुम्हाला निराश वाटतं का?' बंधू म्हणाले, 'न्हाई.' 'उदास वाटतं?' 'न्हाई.' 'कशात रस वाटेनासा झालाय का?' यावर बंधू नुसतेच पाहत राहिले. तेव्हा ही पोर मधेच म्हणाली, 'आप्पा, माझा जीव कशात लागत न्हाई, असं तुमी आईला रोज म्हणता न्हवं?' एवढे ऐकले मात्र, आणि चौदा महिने गप्प बसलेला तो माणूस तिथेच खुर्चीवर रडू लागला. मग अर्धा तास बोलत होता. औषध सुरू झाले. गुण यायला काही आठवडे लागले, पुरते सावरायला वर्ष. आज बंधू माग चालवतात, ऊसही लावतात. मुलीने मात्र त्या अर्ध्या तासात आपला विषय निवडला होता. 'डॉक्टरांचा प्रश्न बरोबर होता आणि आप्पांचं उत्तरही खोटं नव्हतं, मधला शब्द तेवढा चुकला होता,' असे तिने आम्हांस प्रवासात सांगितले. मांडीवरची वही त्या मधल्या शब्दांची होती.

बंगळूर सोडून तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी असे करीत आम्ही संध्याकाळी धारवाडास पोचलो आणि मुक्काम तिथल्या एका जुन्या मराठी स्नेह्यांकडे केला. धारवाड म्हटले की आम्हांस आजवर लाइन बाजारचा पेढा, पाऊस आणि गाणे एवढेच आठवे. पुतणीच्या लेखी ते निराळेच शहर होते. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांस मनोरुग्णालयाच्या बाहेर नेऊन उभे केले. १८४५ साली येथे वेड्यांचे इस्पितळ निघाले. आता ती मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञानाची संस्था आहे. पूर्वी या भागात कोणी जरा वेडेवाकडे वागले, की 'याला धारवाडला पाठवा' म्हणत. आम्हीही शाळेत एका मित्रास तसे म्हटल्याचे स्मरते.

परंतु तिला खरे अप्रूप होते ते डॉ. व्ही. व्ही. कामत यांचे. हे नाव आम्ही तोवर ऐकले नव्हते आणि आमच्या यजमानांनीही ऐकले नव्हते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. फ्रान्समधील आल्फ्रेद बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मापण्याची पहिली श्रेणी केली. शाळेत मागे पडणारी मुले कोणती आणि त्यांना कशी मदत करावी, हे ठरविण्यासाठी ती होती. पुढे जगभर तिची रूपांतरे झाली. कामतांनी धारवाडच्या मुलांवर काम करून ती आपल्याकडच्या मुलांसाठी नव्याने बसविली, आणि गंमत अशी की एका नव्हे, दोन भाषांत: कन्नड आणि मराठी. त्यांचा लेख १९३४ साली इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि हिंदी मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली. बिने-कामत चाचणी या नावाने ती देशात आजही वापरली जाते; तीन वर्षांच्या मुलापासून बावीस वर्षांच्या तरुणापर्यंत. म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९२४ सालीच निघाला होता. कलकत्त्यानंतरचा तो देशातील दुसरा, आणि तो उभारणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनीच पुढे म्हैसुरात 'आकाशवाणी' नावाचे खाजगी नभोवाणी केंद्र काढले, ही आणखी एक गंमत. पण कामतांचे काम आम्हांस अधिक भावले. ज्या मुलखाच्या मधून पुढे राज्याची हद्द गेली, त्या मुलखातल्या दोन्ही भाषांच्या मुलांना एकाच मापाने, पण ज्याच्या त्याच्या भाषेत प्रश्न विचारणारा हा गृहस्थ.

'मग तुझे काम सोपे झाले,' आम्ही म्हटले. 'बुद्धीचं झालं असेल,' ती म्हणाली. 'दुःखाचं कुठे झालंय?'

बेळगावास आम्ही फार रेंगाळलो नाही. शहराचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी आहे; सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. कॅम्प भागात जेझुइटांची १८५६ सालची सेंट पॉल शाळा आहे. ती पाहून पुतणी म्हणाली की आपल्या विषयाच्या इंग्रजी पुस्तकांत उदाहरणे सगळी परगावची असतात. बर्फात अडकलेली मोटार, घटस्फोटित आईवडील, विमानाची भीती. विमानाला भिणारा माणूस बोरगावात अद्याप भेटावयाचा आहे. पुराच्या भोंग्याला भिणारे मात्र घरोघर आहेत. निपाणीच्या अलीकडे तवंदीच्या घाटात स्तवनिधीचे दर्शन घेतले आणि दुपारी बोरगावच्या वेशीत शिरलो. गुऱ्हाळांचा हंगाम तोंडावर आला होता.

यानंतरचे चार दिवस आमचे घर म्हणजे शब्दांचा बाजारच झाला. तिच्या शिक्षकांनी तिला बजावले होते की घरच्या माणसांची तपासणी करावयाची नाही, कोणास रोगी ठरवावयाचे नाही आणि सल्लाही द्यावयाचा नाही. विद्यार्थ्याने तसे करणे नीतीस धरून नाही. त्यामुळे ती फक्त ऐके आणि लिही. औदासीन्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, त्याचे शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. मराठीत ती उपलब्ध आहे. ती भाषा बोरगावच्या ओट्यावर कशी ऐकू येते, एवढेच तिला पाहावयाचे होते. म्हणून तिने आजीस सहज विचारले, 'आज्जी, एखाद्या बाईला विचारलं, तुला कामात रस वाटत न्हाई का, तर ती काय सांगंल?'

आई म्हणाली, 'रस आता कुठला? गुऱ्हाळं सुरू झाल्याबिगर?'

आम्ही सारे हसलो, आणि मग हसू ओसरल्यावर ती मुलगी म्हणाली की कोल्हापुरात आप्पा नुसतेच पाहत राहिले होते ते याच प्रश्नाला.

वहीत तीन रकाने होते. पहिल्यात बोरगावची मराठी, दुसऱ्यात कन्नड, तिसऱ्यात पुस्तकातील इंग्रजी संज्ञा. पहिला रकाना भराभर भरत गेला. मनावर घेतलंय. जीव घाबरा होतोय. काळजात चरकतंय. डोकं जड झालंय. अन्न गोड लागत न्हाई. हातपाय गळाल्यागत वाटतंय. आतनं पोकळ झाल्यागत. विड्या वळणाऱ्या एका बाईने सांगितले, 'डोसक्यात मुंग्या हिंडत्यात.' पुतणीने निरीक्षण केले की बायका दुःख छातीत, पोटात, डोक्यात सांगतात. मनात सांगणाऱ्या थोड्या. म्हणून त्या आधी पोटाच्या डॉक्टरकडे जातात, आणि तपासणीत काही निघाले नाही की घरचे म्हणतात, नाटक करते. आणि 'खुळं' हा एकच शब्द आमच्या भागात किती कामे करतो! लाडके मूल खुळे, हट्टी नवरा खुळा, ज्याला आवाज ऐकू येतात तोही खुळा. एवढ्या मोठ्या टोपलीत एखादे खरोखर आजारी माणूस सहज हरवून जाते.

दुसऱ्या रकान्यात अडचण निराळी होती. शब्द दोन्ही भाषांत तेच, पण अर्थ पालटलेले. 'बेजार' घ्या. मराठीत आपण कामाने, कटकटीने, पोरांनी बेजार होतो. कन्नडमध्ये कोणी 'बेजार' म्हणाला तर त्याला कंटाळा आला असेल किंवा वाईट वाटत असेल. 'अनुमान' मराठीत तर्कशास्त्रातला सभ्य शब्द. कन्नडमध्ये तो संशय. नवऱ्याला 'अनुमान' आहे असे एखादी बाई कन्नडमधून सांगू लागली आणि ऐकणारा मराठी शाळेत शिकलेला असला, तर घरातील मारहाणीची गोष्ट त्याला तर्काची वाटेल. 'अवसर' मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई. आमच्या गावात दोन्ही भाषांचे लोक एकमेकांना सांभाळून घेतात म्हणून बाजार चालतो. पण दवाखान्यात परका माणूस समोर बसला की हा सांभाळ होत नाही.

तिसरा रकाना पुष्कळसा रिकामा राहिला. 'जीव लागत न्हाई' यासमोर तिने पेन्सिलीने एक इंग्रजी शब्द लिहिला, खोडला, दुसरा लिहिला, तोही खोडला. आम्ही सुचवू पाहिले तर म्हणाली, 'राहू द्या अण्णा, मॅडमना विचारते.'

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असे आमच्या एका चुलत्यांनी रोखठोक विचारले. तिसरा प्रश्न शेवटी कोणीतरी विचारलाच. तिने जी माहिती दिली ती आम्ही टिपून घेतली, कारण ती वाचकांच्याही कामाची आहे. निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. निम्हान्स हे नाव १९७४ चे, परंतु तिच्यात विलीन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था १९५४ पासूनची. त्याच संस्थेने १९८५ ते १९९० या काळात बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग करून दाखविला की गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकविले, तर पुष्कळसे उपचार तालुक्याच्या ठिकाणीच होऊ शकतात. १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच धर्तीवर उभा राहिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की मोफत बोलता येते, मराठीतून आणि कन्नडमधूनही. २०१९ साली हा क्रमांक नव्हता. असता तरी आम्ही तो फिरविला असता की नाही, कोण जाणे.

पोटापाण्याचे म्हणाल तर नुसत्या एम.एस्सी.वर रुग्णांवर उपचार करता येत नाहीत. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यास पुढील प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे आणखी काही वर्षे. चुलते म्हणाले, 'तवर लग्नाचं बघा.' ती काही बोलली नाही. बंधूंनीच मान वर करून उत्तर दिले, 'तवर शिकूं दे तिला.' पुरानंतर घरच्या बैठकीत बंधू आपणहून बोललेले आम्ही प्रथमच ऐकत होतो.

निघावयाच्या आदल्या संध्याकाळी बंधू आम्हांस शेतावर घेऊन गेले. ऊस पुरुषभर उंच झाला होता. २०१९ ची पाण्याची रेषा शेडच्या भिंतीवर अजून दिसते. २०२१ च्या पुराची तिच्या खाली. त्यांनी ती मुद्दाम पुसलेली नाही. मुलगी वही घेऊन बांधावर बसली होती. बंधू तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, 'त्यात एक राहिलंय बघ. पूर आल्यावर पाणी शेतात उभं ऱ्हातं, वाहत न्हाई, मुरत बी न्हाई. वरनं पिकं हिरवी दिसत्यात आन मुळं कुजत्यात. आमी त्याला तुंबारा म्हणताव. तसं झालतं मला.' तिने ते पहिल्या रकान्यात लिहून घेतले. दुसऱ्या रकान्यासाठी शेजारच्या वाटेकऱ्याला हाक मारली. त्याने कन्नडमधला शब्द सांगितला, मग दोघे बाप-लेक आणि तो, असे तिघे ह्या दोन शब्दांत काय फरक आहे यावर अंधार पडेपर्यंत वाद घालीत बसले. सूर्य मावळला तरी कोणी जेवायला आले नाही, म्हणून आई घरी रागावून बसली होती.

परतीच्या प्रवासात पुतणी तुमकूरपर्यंत झोपली. होसूर रस्त्यावर तिला वसतिगृहापाशी उतरवून आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच बोरगावचा फोन आला. आईने प्रवासाची विचारपूस केली नाही. तिने एवढेच विचारले, 'पोरगी जेवली का? अन ती वही गाडीतच न्हाई न्हवं ऱ्हायली?'